निरोपातलं नाव

१

सरकारने निवडणुकीच्या तोंडावर बंद केलेलं नेट मंगळवारी सकाळी एकदाचं परत आलं आणि किहोंडो गावातले सगळे फोन एकदम कोकलू लागले. केळी विकणाऱ्या बायका, स्टँडवरचे मोटारसायकलवाले, दवाखान्याबाहेरचे म्हातारे, जो तो खिसे चाचपू लागला. निवृत्त फौजदार कायजुका तेवढा अंगणात आल्याचा चहा घेत स्वस्थ बसला होता. त्याच्या फोनला वाजण्यापलीकडे काही येत नसे आणि कायजुकाला तेच पसंत होतं. आमच्या वेळी माणसावर पाळत ठेवायची तर खबऱ्याला बिअर पाजावी लागायची, आता लोक पदरमोड करून खबऱ्या विकत घेतात आणि उशाशी घेऊन झोपतात, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

चहा संपायच्या आत फाटक ढकलून लामवाका आली. पाठीला बाळ बांधलेलं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कायजुकाच्या दिवंगत मित्राची ही धाकटी सून, अरालीची बायको.

"काका, अराली गेला."

"कुठे गेला?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

तिने फोन पुढे केला. नेट आल्याबरोबर आलेला पहिला निरोप अरालीचा होता.

'आद्येरी, मी सीमेपलीकडे जात आहे. चावडी बंद केली आहे. मला शोधू नका. बाळाला जप. अराली.'

चावडी म्हणजे अरालीचा फोनवरचा गट. अख्ख्या तालुक्यातले लोक त्यावर बोलायचे, अक्षरशः बोलायचे, कारण म्हाताऱ्याकोताऱ्यांना लिहिता येत नाही म्हणून अरालीने सगळा कारभार आवाजावरच चालवला होता. शाळेतला मास्तर कुठे उलथला, औषधं कोणी विकून खाल्ली, सगळं तिथे चव्हाट्यावर यायचं. निवडणुकीत नेट बंद पडलं तरी हा गडी थांबला नव्हता. कुठल्या केंद्रावरून कुणाला हुसकावलं, कुठे मोजणीच्या वेळी दिवे गेले, ते लोकांनी येऊन त्याच्या फोनात बोलून ठेवलं होतं. नेट आलं की हे सगळे आवाज तो एकदम सोडणार होता. गावभर हे माहीत होतं, म्हणजे सरकारलाही माहीत होतं.

"काल संध्याकाळी गेला तो आला नाही," लामवाका म्हणाली. "फोन रविवारीच हरवला होता. गावात विचारून येतो म्हणून बाहेर पडला. आता दीर म्हणतो, मीच फोन चोरून सरकारला दिला. परमुलखातली ना मी! येत्या रविवारी कुळातली मंडळी बसणार आहेत. बाळ ठेवून घेणार आणि मला उत्तरेच्या बसमध्ये घालणार."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मला एवढंच कळू दे, तो जिवंत आहे का. मग मला बसमध्ये बसवा नाहीतर बसखाली घाला."

कायजुकाने निरोप पुन्हा वाचला. "तुला आद्येरी कधीपासून म्हणायला लागले?"

इथल्या तोरो मुलखात प्रत्येकाला जन्मनावाशिवाय एक एम्पाको असतं. मोजकीच दहाबारा नावं, त्यातलं एक वाट्याला येतं आणि माया असो की मान, हाक त्याच नावाने मारायची. मोठ्या माणसाला नुसत्या जन्मनावाने हाक मारणं म्हणजे चपला घालून चुलीपाशी जाणं. अरालीचं जन्मनाव गावात कुणाच्या लक्षातही नव्हतं. बाहेरून आलेल्या सुनेला मात्र हे नाव सासरच्यांनी द्यावं लागतं, आणि लामवाकाच्या सासूने, अकीकीने, ते लग्नापासून अडवून धरलं होतं. नातू झाल्यावर म्हातारी विरघळली. निवडणुकीआधीच्या रविवारी तिने सुनेला शेजारी बसवलं, नाचणीच्या उकडीचा कारो आणि सोललेल्या घेवड्याचं कालवण, फिरिंडा, भरवलं आणि आद्येरी हे नाव दिलं.

"जेवायला कोण कोण होतं?"

"आई, दीर तिबेंडा, अरालीचा भागीदार मुगारा आणि आम्ही दोघं. दार लावून जेवलो. कुळातल्या मोठ्यांना विचारलं नव्हतं ना. निवडणूक झाली की पंगत घालू, तोवर बाहेर बोलायचं नाही, असं आईंनी बजावलं होतं."

"अरालीच्या फोनमध्ये हे नाव आहे?"

"फोनमध्ये मी नुसती 'घर' आहे. आणि काका, त्याने मला कधी लिहिलेलंच नाही. नेहमी बोलायचा. आज सगळ्यांना असेच निरोप आलेत, दिराला, मुगाराला, चावडीवर. सगळे लिहिलेले."

"सासूला काय लिहिलंय?"

"आईंना नाही आलेला."

कायजुका हं म्हणाला आणि चष्मा वर सरकवून त्याने बारीक आकड्यांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"लिहिल्याची वेळ. नेट नसताना लिहून ठेवलं की नेट आल्यावर आपोआप सुटतं." ती थबकली. एवढा वेळ तिने मजकूरच वाचला होता, आकड्यांकडे पाहिलं नव्हतं. "काका, हा सोमवारी दुपारी लिहिलाय. सोमवारी दुपारी अराली माझ्यासमोर बसून बाळाला न्हाऊ घालत होता."

म्हणजे माणूस घराबाहेर पडायच्या आधीच त्याचा निरोप कुणीतरी लिहून ठेवला होता. नोकरीत कायजुकाने पुष्कळ काही पाहिलं होतं, पण हे नवीन होतं.

२

अराली आणि मुगारा यांचं फोनदुरुस्तीचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर. एरवी तिथे चार टाळकी हसत खिदळत बसलेली असायची. त्या दिवशी दाराबाहेरपर्यंत रांग होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येक जण काउंटरवर फोन ठेवायचा आणि खालच्या आवाजात तेच सांगायचा.

"चावडीवरचं सगळं पुस. माझा आवाज पुस."

मुगारा पुसत होता. जाडजूड, सदा हसतमुख माणूस, पण डोळे सुजलेले.

"बघा, अब्वोली," तो कायजुकाला त्याच्या एम्पाकोने हाक मारून म्हणाला, "मागच्या महिन्यात हेच लोक बोलायला रांग लावायचे. ही काकू तर दवाखान्यातल्या खाटांबद्दल एवढं बोलली होती की अराली म्हणाला, काकू, श्वास घ्या! आज म्हणते, तो मी नव्हेच."

रांगेतली काकू जमिनीकडे बघत राहिली. कायजुकाला तिचा राग आला नाही. घाबरलेल्या माणसावर रागावून काय मिळतं ते त्याने तरुणपणी करून पाहिलं होतं. त्याने मुगाराला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीवर दुकानाचा कोरा करकरीत परवाना लटकत होता, वरची शाईसुद्धा ताजी.

"हा कधी मिळाला?"

मुगाराचा चेहरा पडला. "आज सकाळी."

"निवडणुकीआधी खेटे घालून मिळत नव्हता ना? आणि भागीदार नाहीसा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरपोच?"

"घरपोचच. सुरक्षा कचेरीतला माणूस घेऊन आला. म्हणाला, कोण कुणाचा फोन आणतं ते कळवत जा, इथे सही कर. केली मी सही! काय करू? मला तीन लेकरं आहेत, अब्वोली. पण त्याला मी विकला नाही. मेलेल्या आईची शपथ."

"शपथा राहू दे. तो निरोप मीच लिहितोय असं समज. अरालीच्या बायकोला लिहायचाय. सुरुवात कशी करू?"

"म्हणजे?"

"काय म्हणून हाक मारू तिला?"

"लामवाका," मुगारा पटकन म्हणाला. "दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी अकीकीच्या घरून जेवून इथे आलो तर हा पोट धरून हसतोय. म्हणे, आईसमोर आद्येरी आद्येरी करून जिभेला फेस आला, पण लामवाका ही माझी लामवाका आहे, तिला दुसरी कुठली बाई करून टाकू? तीही हसत होती. माझ्यासमोर दिवसातून दहादा हाक मारायचा, लामवाका, चहा! लामवाका, बाळ रडतंय!" बोलता बोलता त्याने तोंडावर हात घेतला आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

कायजुकाने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "फोन शेवटचा कुणाकडे पाहिलास?"

"रविवारी. चर्चमधून सगळे अकीकीच्या घरी गेले होते, मी अरालीला बोलवायला गेलो." मुगाराने नाक पुसलं. "फोन तिबेंडाच्या हातात होता. उघडून काहीतरी बघत होता."

३

थोरला भाऊ तिबेंडा पंचायतीच्या कचेरीत कारकून होता आणि बोलायचा मात्र मंत्र्यासारखा. टेबलावर सत्ताधाऱ्यांच्या रंगाचा झेंडा, मागे मोठ्या साहेबांची तसबीर. कायजुकाला पाहून तो उठला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग सुरू झाला.

"अब्वोली काका, तुम्ही आमच्या बाबांचे मित्र म्हणून ऐकून घेतो. पण त्या बाईच्या नादी लागू नका. मी अरालीला शंभरदा सांगितलं होतं, सरकारशी पंगा घेऊ नकोस. सरकारकडे आता यंत्रं आहेत. कोण कुठे शिंकलं ते कळतं."

"मग तुझा भाऊ कुठे आहे ते विचार की यंत्राला."

तिबेंडाने चहा ढवळला. पुष्कळ वेळ ढवळला. "विचारलं," तो हळूच म्हणाला. "मी गेलो होतो सुरक्षा कचेरीत. इथे असा कुणी नाही म्हणाले. मला, काका! मी त्यांच्या प्रत्येक सभेला खुर्च्या मांडल्या, आणि मला फाटकातून हाकललं."

आवाजातला मंत्री गळून पडला होता. कायजुकाला त्याची दया आली, पण त्याने ती दाखवली नाही.

"रविवारी त्याचा फोन तुझ्या हातात होता."

"होता. बाबांचा जुना फोटो बघत होतो. खोटं वाटतं?"

"फोन त्याच्यापाशी राहिला असता तर आज तो घरी असता. म्हणून विचारतोय. भावजयीवर आळ घेताना तुला काही वाटलं नाही?"

"भावजय!" तिबेंडा उसळला. "निरोप सगळ्यात आधी तिला आला. का? आणि ती कसली भावजय? आईने एवढं मन मोठं करून नाव दिलं. आईसमोर आमचे साहेब आद्येरी, आद्येरी! फाटकाबाहेर पडलो की पुन्हा लामवाका. मी म्हटलं, आईला कळलं तर? तर म्हणतो, तिला कशाला कळवायचं, तिचा आनंद तिच्यापाशी राहू दे. असली थट्टा आईशी! याच गोष्टीवरून आमचं वाजलं त्या दिवशी."

कायजुकाचा कप अर्ध्यात थांबला. त्याने तो न पिताच खाली ठेवला. एक गोष्ट त्याच्या मनात जुळत होती आणि ती जुळू नये असं त्याला फार वाटत होतं.

"फोटो बघून झाल्यावर फोन कुणाला दिलास?"

"आईला," तिबेंडा म्हणाला. "तिला अरालीचे जुने निरोप ऐकायला आवडतात. का?"

४

अकीकीचं घर केळीच्या बागेत होतं. कायजुका गुरुवारी सकाळी गेला. बुधवारचा अख्खा दिवस त्याने गुडघा दुखतोय म्हणून घरात काढला होता, पण गुडघा काही दुखत नव्हता. चोर पकडायला जाताना त्याचे पाय असे कधी जड झाले नव्हते.

म्हातारी चुलीपाशी होती. शेजारी टोपली, टोपलीत झाकणाचं भांडं, वर धुतलेलं फडकं.

"या भावोजी. बसा. चहा टाकते."

"नको, अकीकी वहिनी. टोपली कुणाला?"

"आहे एक आजारी माणूस," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर मारू लागली.

कायजुका स्टुलावर बसला. शेवटच्या ओळी आधी बोलून टाकाव्यात असं त्याला वाटलं, पण इतक्या वर्षांची सवय सुटत नाही. तो क्रमानेच बोलत गेला.

"निरोप लिहिणाऱ्याला सुनेचं नवं नाव माहीत होतं. ते फोनमध्ये नव्हतं आणि गावातही नव्हतं. म्हणजे तुमच्या त्या जेवणातल्या कुणीतरी ते सांगितलं. अरालीने नाही, कारण निरोप लिहिला तेव्हा तो बायकोपाशी होता. लामवाकानेही नाही, तिला ठाऊक होतं तो तिला काय म्हणतो. मुगाराला विचारलं असतं तर तो 'लामवाका' म्हणाला असता. तिबेंडासुद्धा तेच म्हणाला असता. अराली बायकोला आद्येरी म्हणतो असं या सगळ्यांत एकाच माणसाला वाटत होतं, वहिनी. आणि निरोप सगळ्यांना आला, त्या एकालाच आला नाही. त्याला फसवायची गरज नव्हती."

म्हातारीने फुंकणं थांबवलं. धुरामुळे की कशामुळे, तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"म्हणत नव्हता तो तिला आद्येरी?"

"तुमच्यासमोर म्हणायचा. तुमचा मान राखायला."

"मला वाटलं, त्याला आवडलं नाव," अकीकी म्हणाली. मग फडक्याने तोंड पुसून ती खाली बसली आणि तिने काही लपवायचा प्रयत्नच केला नाही.

"मतदान झाल्यावर सुरक्षा कचेरीतले साहेब आले होते. चांगले बोलले हो. माझी विचारपूस केली. मग पिशवीतून ते पसरट यंत्र काढलं आणि त्यातून माझाच आवाज निघाला. अराली, येताना मीठ आण रे, सांडू नकोस. मी त्याला फोनवर सांगितलं होतं ते. भावोजी, माझं मीठसुद्धा त्यांच्याकडे होतं! साहेब म्हणाले, आई, आम्हाला सगळं कळलेलंच आहे. तुमच्या मुलाने ते आवाज सोडले तर रस्त्यात कुणीतरी त्याला गाठून मारेल, मग आम्ही काही करू शकणार नाही. फोन द्या, आम्ही सगळं पुसतो. चार दिवस त्याला आमच्याकडे ठेवतो. शपथविधी झाला की घरी."

"सगळं कळलेलं होतं तर फोन कशाला मागितला? नेट बंद असताना लोक त्यात जे बोलले ते कुठल्या तारेतून गेलंच नव्हतं, वहिनी. ते फक्त त्या एका फोनात होतं."

"मला काय कळतं त्यातलं?" ती कळवळून म्हणाली. "रविवारी फोन हाती आला तसा नेऊन दिला, उघडायची खूणही मीच काढून दाखवली. माझ्या फोनची आणि त्याच्या फोनची खूण एकच होती. आईच्या लक्षात राहावी म्हणून त्याने तशी ठेवली होती. साहेबांनी विचारलं, बायकोला काय म्हणतो, मी म्हटलं आद्येरी. कौतुकाने सांगितलं मी. आणि सोमवारी संध्याकाळी तो फोन शोधत माझ्याकडे आला. मी त्याला जेवू घातलं आणि म्हटलं, कचेरीत आहे तुझा फोन, जा, दोन शब्द गोड बोलून ये. माझ्याकडे नुसता बघत राहिला. ओरडला नाही. म्हणाला, आई, कुणाकुणाचे आवाज आहेत त्यात. आणि गेला. स्वतःच्या पायांनी गेला."

दाराशी काहीतरी हललं. लामवाका उभी होती, बाळाला घेऊन. कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आणि माझ्यावर आळ येऊ दिलात?" ती म्हणाली.

"येऊ दिला," अकीकी मान खाली घालून म्हणाली. "तोंड उघडलं तर त्याला राजधानीला नेऊ म्हणाले. मी विचार केला, सून गेली तर माझ्या शिव्या खात जिवंत तरी राहील. तो गेला तर परत कसा आणू? मी स्वार्थी आहे, पोरी. पण तो जिवंत आहे! हे बघ, मंगळवारपासून रोज जेवण नेते. भांडं रोज रिकामं होऊन येतं, चाटूनपुसून. आजारी असता तर जेवला असता का? मारलं झोडलं असतं तर जेवला असता का?"

लामवाकाचा चेहरा क्षणभर उजळला. तिने कायजुकाकडे पाहिलं आणि तो उजेड तिथेच थांबला, कारण कायजुकाला आपला चेहरा वेळेवर आवरता आला नव्हता.

"काय झालं, काका?"

"काही नाही."

"भावोजी," म्हातारी म्हणाली, "तोंड का पाडलंत?"

खोटं बोलावं असं त्याला मनापासून वाटलं. त्याने आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं होतं, एखादं स्वतः बोललं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण समोर दोघी होत्या आणि दोघी एकटक बघत होत्या.

"फाटकावरच्या शिपायांना पोटभर मिळत नाही, वहिनी. पूर्वीही मिळत नसे."

कारोचं भांडं अकीकीने टोपलीतून बाहेर काढलं. मग उठून ती शेजारच्या घरी गेली आणि फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आली. सोडलं तर सुकवलेली अळंबी होती.

अरालीच्या वडलांच्या कुळाला अळंबी वर्ज्य. म्हातारी दुसऱ्या कुळातली असली तरी या घरात सून म्हणून आल्यापासून तिच्या चुलीवर ती कधी चढली नव्हती. आणि कुळाचं राहू द्या, अरालीने लहानपणी शाळेत मित्राच्या पानातली एकदा चाखली होती तर घसा सुजून पोरगं मरता मरता वाचलं. तेव्हापासून नुसत्या वासाने तो ताटावरून उठायचा.

"उपाशी असेल आणि खाल्ली तर?" लामवाका घाबरून म्हणाली.

"नाही खाणार. झाकण उघडल्याबरोबर त्याला कळेल, आई काहीतरी विचारतेय. तो तसंच परत पाठवेल." अकीकीने अळंबी पाण्यात घातली. "मला भरलेलं भांडं परत हवंय, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा माझं रांधलेलं कुणी टाकावं असं वाटतंय."

लामवाकाने बाळ कायजुकाच्या मांडीवर दिलं आणि ती कांदा चिरायला बसली. सासूसुना एका चुलीपाशी बसल्या.

५

सुरक्षा कचेरीचं फाटक पत्र्याचं, त्यात एक छोटी खिडकी. वर खांबावर नवा कॅमेरा, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे टिपणारा. इथे कुणालाही ठेवलेलं नाही, असं सरकार रेडिओवर सांगत होतं, आणि तरीही खिडकीपुढे टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग होती. काही किहोंडोच्या, काही लांबून पायी आलेल्या. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा. रांगेत ओळखी झाल्या होत्या, पण कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं.

निघण्याआधी अकीकीने तिबेंडाला बोलावून सगळं सांगितलं होतं. तो भावजयीच्या पायाशी बसला होता. लामवाकाने त्याला उठवलंही नाही आणि दूरही लोटलं नाही. आता तो रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा होता. कॅमेऱ्यासमोर यायचं धाडस त्याला झालं नाही.

अकीकीची पाळी आली. खिडकीत पोरसवदा शिपाई होता, गालफडं बसलेला.

"आलीस का म्हातारे? आज उशीर केलास."

"आज वेगळं आणलंय. त्याला सांग, आईने स्वतः केलंय."

"सांगतो, सांगतो." त्याने भांडं आत ओढलं आणि खिडकी बंद झाली.

तिघं बाजूला सरून उभी राहिली. रांग हळूहळू पुढे सरकत होती. लामवाका बाळाला थोपटत होती, बाळ जागं नव्हतं तरी. म्हातारीचे ओठ हलत होते. कायजुकाने देवाला कधी फारसा त्रास दिला नव्हता, पण आता तोही मनातल्या मनात एकच मागत होता, की भांडं जड असू दे.

खिडकी उघडली. शिपायाने भांडं बाहेर काढलं. त्याने ते दोन बोटांनी धरलं होतं.

"आज तर बोटं चाटत खाल्लं तुझ्या लेकाने," तो तोंड पुसत म्हणाला. "उद्या पण असंच आण, काय?"

अकीकीने झाकण काढून आत पाहिलं. मग तिने आत हात घालून तळ चाचपला, जणू डोळ्यांवर विश्वास नव्हता. तिने शिपायाला काही विचारलं नाही. भांडं हळूच जमिनीवर उपडं ठेवलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी तो कमरेभोवती घट्ट बांधू लागली.

लामवाका दुसऱ्या मुलखातली. तिला कळेना.

"काका, त्या कमरेला रुमाल का बांधताहेत?"

तिने त्याची बाही ओढली आणि पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला सांगावं लागलं.

"आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की बायका बांधतात."

लामवाका मटकन खाली बसली. अकीकीने फाटकासमोर भर रस्त्यात गुडघे टेकले आणि लेकाचं नाव घेऊन असा हंबरडा फोडला की झाडाखालचा तिबेंडा धावत सुटला आणि कॅमेऱ्याची पर्वा न करता येऊन आईला बिलगला. शिपाई खिडकीतून ओरडत होता, ए म्हातारे, चूप, इथे रडायला मनाई आहे. ती थांबली नाही. अराली, मी तुला पाठवला, मी तुला जेवायला घालून पाठवला, अराली, असं ती सगळ्या रस्त्याला सांगत राहिली.

रांगेतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी जमिनीवरच्या त्या उपड्या भांड्याकडे पाहिलं. खिडकीशी पोचलेल्या बाईने पुढे केलेली टोपली मागे घेतली आणि छातीशी धरली.